वाचकांचे प्रश्न: डच फुटबॉल, हरलेल्या फायनल आणि शनिवारचं मैदान

गेल्या अंकात डच फुटबॉलबद्दल काय विचारायचंय ते पाठवा असं सांगितलं होतं. पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सॲपवर तर खूपच आले, सगळे घेणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारले ते निवडलेत. बहुतेकांना योहान क्रॉयफ आणि वर्ल्ड कप फायनलबद्दल विचारायचं होतं, ते साहजिकच आहे, पण माझं मत असं की डच फुटबॉल खरं कळायचं तर गावातल्या क्लबपर्यंत जायलाच पाहिजे, म्हणून कोल्हापूरच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय. तेवढं सोडू नका.

प्रश्न: टोटल फुटबॉल म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे खेळायचं असं सगळे सांगतात. मग मैदानावर गोंधळ कसा होत नव्हता? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

ॲमस्टरडॅमचा अयाक्स क्लब आणि हॉलंडची टीम 1970 च्या आसपास जे टोटल फुटबॉल खेळायची, ते सगळ्यांनी वाटेल तिकडे पळायचं असं नव्हतंच. जागा ठरलेल्या असायच्या, त्या जागेवरचा माणूस बदलायचा. म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर रुड क्रोल बॉल घेऊन वर गेला की त्याची जागा मोकळी राहता कामा नये, मिडफिल्डमधला एक जण गपचूप मागे सरकणार, पुढचा विंगर आत येणार म्हणजे क्रोलला बाजूने पळायला वाट मिळणार, आणि हे कोणी ओरडून सांगायचं नाही, बघून कळलं पाहिजे. क्रॉयफ स्वतः सेंटर फॉरवर्ड पण तो सारखा मागे यायचा किंवा डावीकडे जायचा, त्याला मार्क करणारा डिफेंडर त्याच्यामागे गेला की मधे मोठं भगदाड, त्यात मिडफिल्डमधला नेसकेन्स घुसणार.

याचं कारण अगदी व्यवहारी होतं. कोच रिनस मिखेल्सनी जानेवारी 1965 मध्ये अयाक्सची टीम हातात घेतली तेव्हा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात होता. टीम सुधारली, जिंकायला लागली, आणि मग समोरचे संघ सगळे मागे जाऊन बसायला लागले. फॉरवर्ड तर आधीच जखडलेले, मग गोल करणार कोण? ज्याला कोणी मार्क करत नाही असा माणूस मागून यायला पाहिजे, आणि तो मागून आला की त्याच्या जागेची सोय करायला पाहिजे, इथून ते सगळं वाढत गेलं.

दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, तो म्हणजे बॉल आपल्याकडे नसताना काय करायचं. डिफेन्सची लाइन एकदम पुढे आणायची, समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायचं, बॉल ज्याच्याकडे त्याच्यावर तीन-चार जणांनी तुटून पडायचं, म्हणजे मैदान छोटं करून टाकायचं. बॉल मिळाला की विंगर लाइनपर्यंत पसरणार, मैदान परत मोठं. 1974 च्या वर्ल्ड कपमध्ये गोलकीपर यान योंगब्लूड बॉक्सच्या बाहेर उभा दिसतो ते याच्यासाठी, लाइन इतकी पुढे गेल्यावर मागची जागा कोणीतरी सांभाळायला हवी ना. (त्याच्या पाठीवर 8 नंबर आहे, कारण तेव्हा नंबर आडनावाच्या अक्षरानुसार दिले होते, फक्त क्रॉयफनी स्वतःचा 14 धरून ठेवला.) त्या टीमने फायनलपर्यंत सहा मॅचमध्ये 14 गोल केले आणि एकच खाल्ला, तोसुद्धा क्रोलचा स्वतःच्याच गोलमध्ये गेलेला.

गोंधळ न होण्याचं खरं कारण म्हणजे ही मुलं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली होती. आणि हे काही एका रात्रीत मिखेल्सना सुचलेलं नाही, जॅक रेनॉल्ड्स नावाचे इंग्लिश कोच 1915 पासून मधे मधे खंड पडून 1947 पर्यंत अयाक्समध्ये होते, वरची टीम आणि पोरांची टीम एकाच पद्धतीने खेळवायची सवय त्यांनी लावली, आणि मिखेल्स खेळाडू म्हणून त्यांच्याच हाताखाली सुरुवात केलेले.

प्रश्न: झेंडा लाल-पांढरा-निळा, मग जर्सी केशरी का? (गृहिणी, नाशिक)

राजघराण्यामुळे. त्यांचं घराणं ओरान्ये-नासाउ, सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्ध उठाव करणारा विलेम त्या घराण्याचा, आणि ओरान्ये म्हणजे केशरी. म्हणून मॅच असली की घरं, गल्ल्या सगळं केशरी होतं. 2024 च्या युरो कपमध्ये जर्मनीच्या रस्त्यांवर ते हजारो लोक एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे उड्या मारत चाललेले तुम्ही बघितले असतीलच.

प्रश्न: पुरासाठी खेळलेल्या एका मॅचमुळे हॉलंडमध्ये प्रोफेशनल फुटबॉल सुरू झालं असं ऐकलं. खरं का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

खरं आहे सर, आणि सांगलीकरांनी विचारावा असाच हा प्रश्न आहे.

तिथल्या फुटबॉल संघटनेला, म्हणजे केएनव्हीबीला (स्थापना 1889), खेळाडूने पैसे घेणं अजिबात मान्य नव्हतं. जो परदेशात जाऊन पैसे घेऊन खेळला तो देशाच्या टीममधून बाद. फास विल्केस 1949 मध्ये इंटर मिलानला गेला, त्या काळातला त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू, त्याला अनेक वर्षं देशासाठी खेळू दिलं नाही. त्यामुळे चांगले लोक फ्रान्स-इटलीत आणि देशाची टीम हरतेय असं चाललं होतं.

मग 31 जानेवारी-1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून हॉलंडच्या झीलंड प्रांतात आणि आसपासच्या भागात शिरलं, 1,836 माणसं गेली. फ्रान्समध्ये खेळणाऱ्या डच खेळाडूंना वाटलं आपण काहीतरी करायला पाहिजे, म्हणून 12 मार्च 1953 ला पॅरिसमध्ये पूरग्रस्तांच्या मदतीसाठी फ्रान्सच्या टीमविरुद्ध मॅच ठेवली. घरी ज्यांना बंदी तेच हे खेळाडू, सराव असा काहीच नाही, आणि फ्रान्सने पहिला गोल केल्यावर बर्टस दे हार्डर आणि ब्राम आपेल यांच्या गोलवर ते 2-1 जिंकले. हॉलंडमधून हजारो लोक बघायला गेले होते आणि परत येताना सगळ्यांच्या डोक्यात एकच, आपली खरी टीम तर ही आहे!

पुढच्याच वर्षी काही लोकांनी केएनव्हीबीला बाजूला ठेवून स्वतःची प्रोफेशनल लीग काढली, ऑगस्ट 1954 मध्ये पहिली मॅचसुद्धा झाली, आणि नोव्हेंबरपर्यंत केएनव्हीबीला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागलं. 1956 मध्ये एरेडिव्हिसी ही एकच सर्वात वरची लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद अयाक्सचं. आता हिशोब बघा, 1954 मध्ये पगार मिळायला लागले आणि 1970 मध्ये फेयेनूर्डनी मिलानमध्ये सेल्टिकला 2-1 हरवून युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) घेतला, मग 1971, 72, 73 सलग तीन वर्षं अयाक्स. सोळा-सतरा वर्षांत कुठून कुठे. क्रॉयफचं नाव सगळे घेतात पण त्या पॅरिसच्या मॅचमधल्या लोकांचं नाव कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न: आमच्याकडे पेठेपेठेत तालमींच्या टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, मॅच असली की शाहू स्टेडियम फुल. तिकडे लहान गावच्या टीमला मोठ्या क्लबशी खेळायला मिळतं का? (फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर)

मिळतं, आणि तुम्हाला स्पाकेनबुर्खची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आधी रचना. वर एरेडिव्हिसी, 18 क्लब, प्रत्येकाच्या 34 मॅच, शेवटचे दोन सरळ खाली जातात आणि सोळाव्या नंबरला जागा टिकवण्यासाठी प्ले-ऑफ खेळायला लागतो. त्याखाली 20 क्लबची पहिली डिव्हिजन, त्यात अयाक्स, आइंडहोवनचा पीएसव्ही अशा मोठ्या क्लबच्या तरुण पोरांच्या टीमसुद्धा खेळतात पण त्या वर जाऊ शकत नाहीत. बऱ्याच जणांना हे आवडत नाही, मलाही पटत नाही, कारण एखाद्या जुन्या शहराच्या क्लबची जागा राखीव खेळाडूंनी अडवणं बरोबर वाटत नाही. त्याच्या खाली हौशी फुटबॉल. दोघांच्या मधे बरीच वर्षं एक भिंतच आहे, कारण हौशी क्लबला वर जायचं तर पैसा, स्टेडियम, लायसन्स सगळं लागतं आणि अनेक क्लब स्वतःच म्हणतात की आम्हाला नको, आम्ही आहोत तिथे बरे आहोत.

आता गंमत बघा, हे हौशी फुटबॉल शनिवारचं आणि रविवारचं असं वेगवेगळं आहे! कडक प्रोटेस्टंट गावांमध्ये रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचं नाही, म्हणून त्यांचे क्लब शनिवारी खेळायचे, तर दक्षिणेकडचे कॅथलिक आणि बरेच शहरी क्लब रविवारी. दोघांच्या लीग वेगळ्या, चॅम्पियन वेगळे. 2016 मध्ये हौशींची सर्वात वरची एकत्र लीग सुरू झाली तेव्हा कुठे तिथे ते एकमेकांशी खेळायला लागले. आता हळूहळू शनिवारकडेच ओढा वाढतोय, रविवारी लोकांना घरच्यांबरोबर वेळ हवा असतो.

स्पाकेनबुर्ख हे असंच शनिवारवालं मासेमारांचं जुनं गाव. गावात दोन क्लब, एसव्ही स्पाकेनबुर्ख म्हणजे निळे आणि आयसेलमेरफोगल्स म्हणजे लाल, मैदानं एकमेकांना लागून. तुमच्याकडे जसं माणूस कुठल्या पेठेचा हे कळलं की तो कुठल्या तालमीचा हे विचारायला लागत नाही तसं तिथे घराण्यावरून निळा की लाल ते ठरतं, आणि या दोघांच्या डर्बीला हौशी मॅच असूनही हजारोंची गर्दी होते.

त्या दोन्ही क्लबनी केएनव्हीबी कपमध्ये, म्हणजे हौशी आणि प्रोफेशनल क्लब एकत्र खेळतात त्या स्पर्धेत, सेमी फायनल गाठलेली आहे. लाल टीमने 1975 मध्ये, तेव्हा सगळ्या देशाला धक्का बसला होता. निळ्यांनी 2023 मध्ये, आणि ती तर कमाल होती, आधी एरेडिव्हिसीतल्या ग्रोनिंगेनला घालवलं, मग क्वार्टर फायनलला उट्रेख्टच्या स्टेडियममध्ये जाऊन त्यांना 4-1 हरवलं, दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिस करणारी माणसं ही. सेमी फायनलला गावातच पीएसव्ही आली, 2-1 हरले, पण हरले ते एका गोलने!

हे सगळं शक्य होतं कारण प्रत्येक गावात क्लब आहे. देशाची लोकसंख्या साधारण फक्त 1 कोटी 80 लाख, आणि त्यातले दहा लाखांहून जास्त लोक केएनव्हीबीचे सभासद. क्लब म्हणजे सभासदांची संस्था, मालक कोणी नाही, वर्गणी भरायची, मैदान बहुतेक वेळा नगरपालिकेचं, आणि कॅन्टीन चालवणारे, रेषा मारणारे, पोरांना शिकवणारे सगळे बिनपगारी. अयाक्स, फेयेनूर्ड, पीएसव्ही यांच्याकडे येणारी पोरं इथूनच येतात.

वरच्या लीगमध्ये मात्र लहान क्लबला फार संधी नाही हे खरंच आहे. 1965 पासून विजेतेपद या तिघांकडेच फिरतंय, अपवाद फक्त आल्कमारच्या एझेडचा (1981 आणि 2009) आणि ट्वेंटेचा (2010). कपमध्ये अजून दार उघडं आहे, 2025 मध्ये डेव्हेंटरच्या गो अहेड ईगल्सनी एझेडला पेनल्टीवर हरवून पहिल्यांदाच कप घेतला.

प्रश्न: तीन फायनल खेळून एकही वर्ल्ड कप नाही. नशीब म्हणायचं की दम नाही म्हणायचं? (बँक कर्मचारी, मुंबई)

तिन्ही फायनल वेगळ्या आहेत आणि तिन्हींना एकच कारण लावलेलं मला आवडत नाही.

1974, म्युनिक. पहिल्याच हल्ल्यात क्रॉयफला बॉक्समध्ये पाडलं, पेनल्टी, नेसकेन्सचा गोल, आणि तोपर्यंत पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा बॉलला पाय लागला नव्हता. त्यानंतर दुसरा गोल करायच्या ऐवजी ते बॉल फिरवत बसले, जर्मनांना दाखवून देण्यात वेळ गेला. युद्धात हॉलंडवर जर्मनीचा कब्जा होता, ते लोकांच्या मनातून गेलेलं नव्हतं. ब्राइटनरनी पेनल्टीवर बरोबरी केली, हाफ टाइमच्या आधी म्युलरनी दुसरा मारला, 2-1. हे नशीब नाही, ही चूकच.

1978, ब्युनॉस आयर्स. इथे नशीब म्हणा. क्रॉयफ गेलाच नाही (1977 मध्ये बार्सिलोनात त्याच्या घरात शिरून अपहरणाचा प्रयत्न झाला होता, हे त्याने तीस वर्षांनी सांगितलं). 1-1 असताना अगदी शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा शॉट पोस्टला लागला. आत गेला असता तर कप त्यांचा होता. एक्स्ट्रा टाइममध्ये अर्जेंटिना 3-1.

2010 ची जोहान्सबर्गची फायनल मला बघवत नाही. रॉबेन एकटा स्पेनचा गोलकीपर कासियासच्या समोर होता, कासियासच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला, तो गोल व्हायला हवा होता हे मान्य. पण स्पेनला खेळू द्यायचं नाही म्हणून जे लाथा मारणं चाललं होतं, नायजेल दे याँगनी शाबी आलोन्सोच्या छातीत बूट घातला, ते डच फुटबॉलला शोभणारं नव्हतं. क्रॉयफनी स्वतःच्या देशाच्या टीमला त्यासाठी जाहीरपणे झोडपलं आणि माझ्या मते तो बरोबर होता. 116 व्या मिनिटाला इनिएस्टाचा गोल.

पुरुषांच्या टीमची मोठी ट्रॉफी एकच, 1988 चा युरो. सेमी फायनलला हॅम्बुर्गमध्ये पश्चिम जर्मनीला 2-1, वान बास्टेनचा गोल अगदी शेवटी, त्या रात्री हॉलंडमध्ये लाखो लोक रस्त्यावर होते. फायनलला सोव्हिएत युनियन 2-0, गुलिटचा हेडर आणि वान बास्टेनची ती अशक्य कोनातून मारलेली व्हॉली. कोच परत मिखेल्सच, आणि मैदानसुद्धा तेच, जिथे 74 ची फायनल हरले होते.

प्रश्न: अयाक्स आणि फेयेनूर्डमध्ये एवढं वैर का? (कॉलेज विद्यार्थिनी, सातारा)

मुळात दोन शहरांचं भांडण. फेयेनूर्डचं रॉटरडॅम बंदराचं, कष्टकऱ्यांचं शहर, मे 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात मधलं शहर जळून गेलं आणि त्यांनी ते परत उभं केलं. अयाक्सचं ॲमस्टरडॅम राजधानी, ऐटबाज. तिकडे म्हणतात की पैसा रॉटरडॅममध्ये कमावतात, हेगमध्ये वाटतात आणि ॲमस्टरडॅममध्ये उडवतात.

याची एक बाजू फार सुंदर आहे. 1983 मध्ये अयाक्सनी क्रॉयफला नवीन करार दिला नाही, म्हातारा झाला असं वाटलं, तो चिडून थेट फेयेनूर्डला गेला. सप्टेंबरमध्ये अयाक्सनी त्यांना 8-2 असं धुतलं, सगळ्यांना वाटलं संपलं, पण सीझनच्या शेवटी लीगही फेयेनूर्डची आणि कपही, तरुण गुलिट त्याच टीममध्ये, आणि 37 वर्षांच्या क्रॉयफनी तिथेच खेळणं थांबवलं.

दुसरी बाजू वाईट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मार्च 1997 मध्ये बेव्हरवाइक गावाजवळ दोन्हीकडच्या गुंडांनी ठरवून मारामारी केली, त्यात अयाक्सचा एक समर्थक मेला. अयाक्सचं नातं ज्यू वस्तीशी जोडलं जातं म्हणून त्यांच्याविरुद्ध ज्यूद्वेषी घोषणा देतात, हे तर अतिशय घाणेरडं. 2009 पासून बाहेरच्या टीमच्या प्रेक्षकांना या मॅचला प्रवेशच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये तरीसुद्धा अयाक्सच्याच लोकांनी मैदानात फटाके फेकले, 0-3 वर मॅच थांबवली आणि तीन दिवसांनी रिकाम्या स्टेडियममध्ये पूर्ण केली, 0-4.

प्रश्न: अयाक्सची टीम चांगली झाली की लगेच सगळे विकले जातात. थांबवत का नाहीत? (आयटी इंजिनिअर, ठाणे)

थांबवू शकत नाहीत. 1995 मध्ये व्हिएन्नाला एसी मिलानला 1-0 हरवून अयाक्सनी चॅम्पियन्स लीग जिंकली, गोल 18 वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टचा, आणि त्याच वर्षी डिसेंबरात युरोपच्या कोर्टाचा बॉसमन निकाल आला. करार संपलेला खेळाडू क्लबला एक पैसा न देता जाऊ शकतो आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा नाही असा तो निकाल. डाविड्स, रायझिगर, क्लायव्हर्ट, बोगार्ड एकापाठोपाठ एक फुकटात गेले. तेव्हापासून सगळे डच क्लब शहाणे झाले, करार संपायच्या आत विकायचं आणि त्या पैशात अकॅडमी चालवायची. टीव्हीचे पैसे इंग्लंडच्या मानाने अगदीच थोडे आहेत, दुसरा मार्ग नाही.

2019 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये तर जखमच झाली. रेआल माद्रिदला त्यांच्या घरी 4-1, युव्हेंटसला त्यांच्या घरी 2-1, सेमी फायनलला टॉटनमविरुद्ध लंडनमध्ये 1-0 जिंकून आले, घरी हाफ टाइमला 2-0 पुढे, आणि टॉटनमच्या लुकास मोउराचे तीन गोल, शेवटचा 96 व्या मिनिटाला, दोन मॅच मिळून 3-3, पण बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे टॉटनम पुढे गेली. त्या उन्हाळ्यात फ्रेंकी दे याँग बार्सिलोनाला आणि दे लिख्ट युव्हेंटसला गेले, प्रत्येकी किमान 7.5 कोटी युरोला. पैसे मिळाले पण अजून एक वर्ष ती टीम एकत्र बघायला मिळायला हवी होती असं वाटतंच.

प्रश्न: आम्ही नोकरीमुळे आइंडहोवनला आलो. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला फुटबॉल खेळायचंय. कसं करायचं, आणि मुलींना खरंच संधी असते का? (मराठी आई, आइंडहोवन)

ताई, लगेच जवळच्या हौशी क्लबला ईमेल करा. पीएसव्हीच्या मागे लागू नका, तिथे ते स्वतः निवडून घेतात. घराजवळचा, सायकलने जाता येईल असा क्लब बघा, एक-दोन वेळा प्रॅक्टिसला येऊन बघू दे म्हणा, बहुतेक क्लब येऊ देतात. मोठ्या शहरात वेटिंग लिस्ट असू शकते म्हणून उशीर करू नका. वर्षाची वर्गणी असते आणि त्याबरोबर तुम्हालाही काम असतं, कॅन्टीनमध्ये पाळी, शनिवारी सकाळी पोरांना गाडीतून दुसऱ्या गावी नेणं, जर्सी धुणं. हे टाळू नका, तिथल्या लोकांशी ओळखी होण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

लहानांच्या मॅच छोट्या असतात, अगदी चिमुरड्यांच्या चार विरुद्ध चार, मग सहा, मग आठ, अकरा जणांची पूर्ण मॅच पुढे मोठं झाल्यावर. मैदान लहान म्हणून प्रत्येकाला बॉल मिळतो. भाषा येत नाही याची काळजी नको, ती दोन महिन्यांत तुम्हाला शिकवेल.

आणि संधीचं म्हणाल तर केएनव्हीबीने मुलींच्या फुटबॉलला मान्यताच 1971 मध्ये दिली, मुलींची एरेडिव्हिसी 2007 मध्ये आली, आणि 2017 मध्ये एन्स्खेडेला डेन्मार्कला 4-2 हरवून त्या युरोप चॅम्पियन झाल्या, कोच सरीना विखमान. 2019 मध्ये वर्ल्ड कपची फायनल. देशासाठी सगळ्यात जास्त गोल कोणाचे माहितीये? व्हिव्हियाना मीडेमाचे, 2025 च्या युरोत तिने शंभरावा मारला, कुठलाही पुरुष खेळाडू तिच्या जवळपास नाही. ती लहानपणी मुलांच्याच टीममध्ये खेळली, तिथे मुलंमुली एकत्र खेळणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा तुमच्या लेकीला मुलांच्या टीममध्ये घातलं तर बिचकू नका.

प्रश्न: डच फुटबॉलचा आपल्याशी काही संबंध आहे का? (एफसी गोवाचा फॅन, मडगाव)

तुमच्या फातोर्ड्यातच आहे की. क्रॉयफ 1988 ते 1996 बार्सिलोनाचा कोच होता, 1992 मध्ये वेम्बलीला कूमनच्या फ्री किकवर पहिला युरोपियन कप जिंकला, आणि तिथल्या पोरांच्या टीमपासून वरपर्यंत एकच खेळ हा नियम पक्का केला. त्याच बार्सिलोनात पोरांना शिकवून वर आलेले सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये एफसी गोवाला आले. मागून पास करत येणं, विंगर रुंद ठेवणं, बॉल गेला की लगेच परत मिळवणं, ते सगळं तुम्ही स्वतः बघितलंय. त्यांची घडवलेली टीम 2019-20 ची लीग शील्ड जिंकून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा पहिला भारतीय क्लब ठरली, आणि पुढच्या वर्षी लोबेरांनी मुंबई सिटीला शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही मिळवून दिलं.

सरळ डच माणूस म्हणाल तर विम कूवरमान्स, 1988 च्या युरो जिंकणाऱ्या टीममध्ये होते (मैदानात उतरायला मिळालं नाही), ते 2012 मध्ये भारताचे कोच झाले आणि त्याच वर्षी दिल्लीत कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून नेहरू कप घेतला.

अजून एक धागा सुरीनामचा. 1873 पासून कलकत्त्याहून जहाजाने उत्तर प्रदेश-बिहारकडचे मजूर त्या डच वसाहतीत नेले, 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यातले बरेच जण हॉलंडला आले, हेगमध्ये मोठी वस्ती आहे. पीएसव्हीकडून आणि देशाकडून खेळलेला लुसियानो नरसिंग याच समाजातला. गुलिट आणि रायकार्ड यांचे वडील सुरीनामचे, सीडॉर्फ आणि डाविड्स तर पारामारिबोतच जन्मलेले. ही माणसं काढली तर 1988 चा युरोही जातो आणि 1995 चा अयाक्सही.

भारतातून कोणी तिकडे का जात नाही असंही तुम्ही विचारलंय. युरोपियन युनियनच्या बाहेरचा, वीस किंवा जास्त वयाचा खेळाडू घ्यायचा तर त्याला लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावा लागतो, म्हणून क्लब तयार, नाव झालेला खेळाडूच घेतात, नवख्या पोरावर एवढा खर्च करत नाहीत.

प्रश्न: बघायला सुरुवात कुठून करू आणि मॅच कधी असतात? (अकरावीतला विद्यार्थी, सोलापूर)

रविवारच्या मॅचपासून सुरू कर. त्यांची दुपारी अडीचची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 6, थंडीत 7, रात्र जागायची गरज नाही. जुनं बघायचं असेल तर 1974 ची ब्राझीलविरुद्धची 2-0 ची पूर्ण मॅच शोध, फक्त गोल बघू नकोस. आणि चालू सीझनला एकदम तीन मोठ्या क्लबवर न जाता एखादा मधला क्लब धर, रॉटरडॅमचा स्पार्टा बघ, 1888 चा, देशातला सगळ्यात जुना प्रोफेशनल क्लब, आणि तो मुळात क्रिकेट खेळायला काढलेला क्लब होता.